बारकीचा दाखला

गेल्या मे महिन्यात पप्पांनी शाळांची वही केली. साधी दोनशे पानी वही, पण आत पट्टीने आखलेले रकाने. एका शाळेला एक पान. घरापासूनचं अंतर, एसटीच्या वेळा, वर्गात मुलं किती, शिक्षक किती, पाचवीच्या शिष्यवृत्तीत गेल्या साली किती जण लागले. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'हद्द'. त्यात दोनच उत्तरं येऊ शकत होती, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. ग्रामपंचायत असेल तिथे हिरव्या पेनाने बरोबरची खूण.

त्या रकान्याचं कारण मी आहे.

माझी धाकटी बहीण, घरात तिला सगळे बारकीच म्हणतात, तेव्हा नुकतीच दुसरी पास झाली होती. तिला तिसरीला कुठे घालायचं ते जूनच्या आत ठरवायचं होतं. पप्पा सैन्यातून निवृत्त होऊन घरी आल्याला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या बारकाईने करण्यासारखं दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. मी साताऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय इथपासून ते शेताच्या उताऱ्यातल्या शब्दापर्यंत सगळं मला विचारतात. मला बऱ्याचदा माहीत नसतं. तरी विचारतात.

"ही बघ," वही माझ्यापुढे सरकवत पप्पा म्हणाले. "तीन काढल्यात. एक आपली गावातली, एक पाटणातली इंग्लिश मीडियम आनी एक तुझ्या आत्याच्या गावातली. तू असल्या शाळंतनं गेलेली हायस. तू म्हनशील तिथं घालू."

आत्याचं गाव वाळवा तालुक्यात, आष्ट्यापासून थोडं पुढे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिष्यवृत्तीचा मोठा वर्ग चालतो. त्या पानावर पप्पांनी हिरव्या खुणेला दोनदा गिरवलं होतं. म्हणजे त्यांचं ठरलेलंच होतं. माझ्याकडून फक्त 'हो' हवं होतं, आणि मी ते लगेच का म्हणत नाहीये हे त्यांना कळत नव्हतं. खरं तर मलाही नीट कळत नव्हतं.

*

माझी पहिली शाळा आमच्या गावातलीच. गाव पाटणपासून बरंच आत. शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार इयत्ता, म्हणून एका खोलीत दोन दोन इयत्ता बसायच्या. त्याला जोडवर्ग म्हणतात. पावसाळ्यात एक खोली गळायची, मग चारही इयत्ता एकाच खोलीत. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असताना आम्ही दुसरीची मुलं पाढे लिहीत असायचो, आणि मी पाढे सोडून फळ्याकडे बघत बसायचे. एकदा चौथीच्या मुलीला उत्तर येईना आणि मी खालूनच बोलून गेले. गुरुजींनी मला उठवलं. मला वाटलं आता मार बसणार. त्यांनी खडू हातात दिला आणि म्हणाले, "ये, तिला समजावून सांग."

हुशार मुलांसाठी म्हणून तिथे वेगळं काही नव्हतं. भिंत नव्हती, एवढंच.

गुरुजींनीच आईला सांगितलं की पोरगी हुशार आहे, हिला शिष्यवृत्तीच्या वर्गाला घाला. आईने ते फोनवर पप्पांना सांगितलं. पप्पा तेव्हा जम्मूकडे होते. पप्पांनी पलटणीतल्या आमच्याच भागातल्या दोघा-तिघांना विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, सांगली जिल्ह्यात घाला, आष्ट्याकडच्या शाळा तयारी चांगली करून घेतात. मामा आष्ट्यातच राहायचा. आमच्याकडे हुशार निघालेलं पोर मामाकडे नाहीतर आत्याकडे शाळेला ठेवणं यात कुणालाच काही वाटत नाही. मीही कौतुकातच गेले. नवं दप्तर होतं.

सात वर्षांची होते. गुरुजींनी दाखला लिहिला आणि खाली सही करायच्या आधी पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. ते मला आठवतं.

आष्ट्याच्या शाळेतल्या वर्गाबद्दल मी वाईट लिहिणार नाही, कारण वाईट नव्हतंच. सकाळी शाळेच्या आधी दोन तास वर्ग, संध्याकाळी एक तास, रविवारी सराव परीक्षा. शनिवारी आधीच्या परीक्षेतल्या गुणांप्रमाणे जागा बदलायच्या. आरशातली घड्याळं, गटात न बसणारा शब्द ओळखा, पुढची आकृती कोणती. उत्तरपत्रिकेतला गोल रेषेबाहेर न जाता काळा करायचा. आमचे सर वर्गात आले की हजेरीच्या आधी गमतीने विचारायचे, "मामावाले हात वर करा. आत्यावाले? बाकी सगळे गाववाले, म्हनजे आळशी!" निम्मा वर्ग मामावाला असायचा. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या वर्गात पहिल्यांदा मला समजलं की माझ्यासारखी मुलं असतात. सरांनी गणित सांगून संपवायच्या आधी चार हात वर. कुणी कुणाला 'लय शानी झालीस' म्हणायचं नाही, कारण सगळेच शहाणे. कॉलेजात आल्यावर मला वाटलं होतं की तिथे सगळीकडे असंच असेल. तसं नाही. अजूनही कधी लेक्चर चालू असताना मला तो वर्ग आठवतो. सकाळचा गारवा, खडूचा वास, आणि उत्तर आधी कुणाला सुचतंय याची ती धडधड. माझ्या आयुष्यात पुन्हा तसं झालेलं नाही.

सगळी तयारी मुख्यतः निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी होती. पाचवीत असताना ती द्यायची, लागलं की सहावीपासून बारावीपर्यंत तिथेच. तिथल्या बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पाचवीत फॉर्म भरायला मामा माझ्याबरोबर मुख्याध्यापक सरांच्या खोलीत आला. सरांनी सूचना मोठ्याने वाचली. तिसरी, चौथी, पाचवी यांतला एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला असेल, तरी विद्यार्थी शहरी समजला जाईल.

सरांनी मान वर केली. "आष्ट्याला नगरपालिका आहे. ही शहरी."

"आवं सर, शहरी कसली?" मामा हसायला लागला. "दारात दोन म्हशी हायत आमच्या. मागं ऊस हाय. शहरात कुठं म्हशी असत्यात?"

"फॉर्ममधी म्हशींचं विचारलेलं न्हाई."

"आनी ही तर पाटणच्या आतल्या गावची. तिथं तर गाडीबी दिवसातनं दोनदाच जाती. तिला शहरी म्हनायचं म्हंजे..."

"तिसरी ते पाचवी तिथं असती तर ग्रामीण. तिसरीला तुमी इथं आनलीत."

मामा हसायचा थांबला. मी सरांच्या टेबलावरच्या घंटीकडे बघत होते. मला एवढंच कळलं की दुसरीपर्यंत मी खेड्यातली होते आणि मामाच्या म्हशींच्या शेजारी झोपून शहरातली झाले होते.

परीक्षा दिली. यादीत नाव आलं नाही. माझ्या मागच्या बाकावर बसणारी मुलगी रोज शेजारच्या खेड्यातून यायची, चौथीपर्यंत तिथल्याच शाळेत होती, तीही पाचवीला आष्ट्यात आलेली, म्हणून शहरी. आम्ही दोघी एकाच कारणाने राहिलो. शिष्यवृत्ती मात्र मला मिळाली. पेपरात बारीक फोटो आला. पप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "माझीच चूक झाली. हद्द बघाय पायजे व्हती मी." तेव्हापासून ते हे वाक्य कधी ना कधी म्हणत आले. कुणी आठवण काढली नाही तरी.

निवासी शाळा हुकली म्हणून मी दहावीपर्यंत मामाकडेच राहिले. नंतर कराडचं हॉस्टेल, मग सातारा. परत घरी राहायला असं मी गेलेच नाही.

*

वहीतल्या तिसऱ्या शाळेची पाहणी करायला आम्ही तिघं गेलो. पप्पा, मी आणि बारकी. कराडला गाडी बदलून आत्याच्या गावात उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मेची सुट्टी असूनही वर्ग चालूच होता. असल्या वर्गांना सुट्टी नसते.

मुख्याध्यापक पप्पांच्या वयाचे होते. पप्पांनी आधी निकाल नाही, शिक्षक नाही, सरळ विचारलं, "सर, ही हद्द ग्रामपंचायतीचीच ना?"

"व्हय की."

"पुढं नगरपंचायत व्हायचं काय चाललंय का? दोन-तीन वर्षांत?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. "आवं साहेब, नगरपंचायत व्हायची तर आदी आमच्या सरपंचाला झोप लागनार न्हाई. तुमाला कळंल तवा."

"चेष्टा नको. लेखी काय असंल तर बरं."

"लेखी मी काय देऊ? गाव माझ्या नावावर हाय व्हय?"

पप्पाही हसले, पण वहीत लिहून घेतलं.

मी तोवर वर्गाच्या खिडकीजवळ जाऊन उभी राहिले होते. आत चाळीसेक मुलं, आणि शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. फळ्यावर आरशातलं घड्याळ काढलेलं होतं. आरशात वाजलेत तीन चाळीस, तर खरे किती? मला उत्तर कळलं आणि हात वर गेला. मी वर केला नाही, गेला. एकोणीस वर्षांची मी, बाहेर चपला घालून उभी, खिडकीच्या गजाशी हात वर करून.

"खिडकीतल्या ताई बोला," मॅडम म्हणाल्या. वर्ग फिदीफिदी हसला.

"आठ वीस," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी पहिल्या बाकावरची मुलगी पण म्हणाली, "आठ वीस!" आणि माझ्याकडे रागाने बघितलं, तिचं उत्तर मी चोरल्यासारखं.

मॅडमनी बारकीला आत बोलावून घेतलं आणि तिलाही एक आकृती दिली. बारकीने ती सोडवली. पटकन नाही, पण एकटीने. "हुशार आहे," मॅडम मला म्हणाल्या. "हिला आणाच." बारकी गालातल्या गालात हसत त्या मुलीच्या शेजारी बसली ती उठायलाच तयार होईना.

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना विचारलं, "बाहेरगावची मुलं घरी कधी जातात?"

"दिवाळीला जातात. मेमध्ये आठ दिवस."

"रडत नाहीत?"

"सुरुवातीला दोन महिने रडतात हो," त्या फळा पुसत म्हणाल्या. "मग घरचं नाव काढत नाहीत. सवय होते."

त्यांनी मला धीर देण्यासाठीच सांगितलं होतं. मी पण मान हलवली. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी स्वतः घरचं नाव काढायचं कधी बंद केलं ते आठवायला लागले.

चौथीतली दिवाळी असावी. मी घरी आले होते, आईला चहा करून द्यावा म्हणून चुलीपाशी गेले. "आई, साखर कुठंय गं?" मी विचारलं. आईने फळीवरचे डबे कधीतरी बदलून लावले होते. आई भांडी घासत होती. तिचे हात थांबले. मग ती उठली आणि तिने मला डबा काढून दिला. त्या दिवशी जेवताना तिने मला नवं ताट काढलं. पुढे मी आले की तेच ताट. सहावीत असताना बारकी झाली. ती बातमी मला मामीने शाळेतून आल्यावर सांगितली. पहिल्यांदा हातात घेतली तर ती एवढी रडली की आई म्हणाली, "तिला तुझी सवय न्हाई गं अजून."

मामीने मला जीव लावला होता. मारलं नाही, टाकून बोलली नाही. म्हणून तर हे कुणाला सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा तयार होऊन बसले. "चला, दाखला काढून आनू. गुरुजी आज शाळंत हायत." आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. बारकीने चप्पल घातली होती.

"पप्पा," मी म्हणाले, "तिला तिकडं नको घालूया."

"का? हद्द बघितली की मी सोता."

"हद्दीचं न्हाई ते."

"मग पाटणची? इंग्लिशची?"

"न्हाई. इथंच. निदान पाचवीपतोर. आता पाचवीबी इथंच झालीया."

पप्पा वही उघडून बसले. "इथं दोन शिक्षक हायत. शिष्यवृत्तीत गेल्या साली एक बी न्हाई. हे बघ की, तूच बघ."

"बघितलं."

"मामानं काय तरास दिला व्हता का तुला? खरं सांग."

"न्हाई वो पप्पा. मामी तर लय चांगली."

"मग कारन तर सांगशील का न्हाई? असंच म्हनती व्हय? कॉलेजात हेच शिकवत्यात?"

वहीत बसेल असं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं. मी म्हणाले, "मला घरात साखर कुठं ठेवत्यात ते ठावं नव्हतं."

पप्पा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मला माझीच लाज वाटली. एवढं शिकून हे एवढंच वाक्य.

आईने तांदळातून मान वर काढली नाही. "मला ठावं हाय ती काय म्हनतीया," ती म्हणाली. "ती आली की मी नवं ताट काढायची. पाव्हनीला वाढल्यागत. माझं मलाच कळायचं न्हाई, असं का करतोय. जवळ बसावं वाटायचं आनी काय बोलावं सुचायचं न्हाई." तिने एक खडा बाजूला टाकला. "तुमी तिकडं, ती तिकडं. मी कुनाला सांगनार व्हते?"

आईने हे पप्पांना सांगितलं की मला, ते मला कळलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की आठवण फक्त मलाच यायची, आणि आईला माझा अभिमान तेवढा वाटायचा. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि सुपाच्या एका बाजूने निवडायला लागले. पप्पांनी वही मिटली.

बारकीने आमच्या दोघींकडे बघितलं. "म्हंजे मी न्हाई जायाचं?"

"पाचवीनंतर बघू," मी म्हणाले.

"तू गेलीस की!" तिचा आवाज चिरकला. "तू गेलीस, तुजा फोटो आला, तू कॉलेजात गेलीस, आनी मी इथंच बसू व्हय? ती पोरगी म्हनली मला, जागा धरून ठेवती म्हनली!"

"बारके, ऐक..."

"न्हाई ऐकत! तुला साखर घावली न्हाई तर मी काय करू?"

पप्पांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मला आलं नाही. ती बरोबर बोलत होती. चप्पल न काढता ती तशीच आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दाखला काढला गेला नाही.

*

आता दिवाळी होऊन गेली. बारकी गावातल्या शाळेत तिसरीत आहे. मी दर शनिवारी कॉलेज सुटलं की साताऱ्याहून गाडी धरते आणि रविवारी सकाळी शाळेची एक खोली उघडून तिची तयारी घेते. आताचे गुरुजी तरुण आहेत, चावी त्यांनीच दिली, जमेल तसे तेही येतात. आणखी पाच मुलं येतात. त्यातली दोन चौथीची आहेत, म्हणजे हाही जोडवर्गच झाला.

मी त्या मॅडमसारखी शिकवत नाही. माझ्याकडे त्यांच्याएवढे प्रश्न नाहीत, आणि सहा मुलांत चाळीस हातांची धडधड येत नाही. ती आणावी कशी हे मला माहीत नाही. बारकीला मी काय दिलं आणि तिच्याकडून काय काढून घेतलं, याचा विचार मी गाडीत येताना आणि जाताना करते. येताना वाटतं बरोबर केलं. जाताना तेवढी खात्री राहत नाही.

पहिले दोन महिने ती माझ्याशी गणितापुरतंच बोलायची. गेल्या रविवारी मी फळ्यावर आरशातलं घड्याळ काढलं. बारकीने बोटांवर मोजून बघितलं, वहीत काहीतरी खोडलं, आणि बाकीच्यांच्या आधी उत्तर दिलं. बरोबर होतं. मी छान म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, फळ्याकडेच बघत होती.

"ताई, त्या शाळंत हे आत्तापतोर झालं आसंल?"

खोटं बोलता आलं असतं. "झालं असंल," मी म्हणाले.

"ह्याच्या फुडचं बी?"

"पुढचं पण."

मग तिने पेन्सिलीला टोक काढलं, वहीचं नवं पान उघडलं आणि म्हणाली, "मग बसलीस काय? फुडचं घाल की."